मार्स म्हणजे एरीस नव्हे

भाचीच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक तक्ता आहे. डावीकडे ग्रीक देव, उजवीकडे रोमन. झ्यूस-ज्युपिटर, हेरा-जुनो, पोसायडन-नेपच्यून, एरीस-मार्स. तिने तो घडाघडा म्हणून दाखवला आणि विचारलं, "मावशी, म्हणजे रोमन लोकांनी नुसती नावंच बदलली ना?" मी नाही म्हणाले. का नाही, ते इथे लिहिते, कारण हा तक्ता मला मनापासून खटकतो.

एरीस-मार्स हीच जोडी घ्या. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गात डायोमिडीस, एक साधा मर्त्य माणूस, अथेना देवीच्या मदतीने एरीसला भाला मारतो. युद्धाचा हा देव नऊ-दहा हजार माणसांनी एकदम ओरडावं तसा ओरडतो आणि रक्त दाखवत बापाकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस जखम बरी करवतो खरा, पण त्याआधी तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत मला तुझाच सर्वांत जास्त तिटकारा आहे.

आता मार्स. रोम शहर वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, म्हणजे रोमचा मूळपुरुषच. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात शेतकऱ्याने म्हणायची प्रार्थना दिली आहे. डुकराचं पिल्लू, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवायचं, मग त्यांचा बळी द्यायचा आणि 'मार्स पित्या' अशी हाक मारून मागणं मागायचं: दिसणारे-न दिसणारे रोग दूर ठेव, धान्य आणि द्राक्षमळे वाढू दे, गुराखी आणि गुरं सुखरूप ठेव, मला आणि घरच्यांना आरोग्य दे. लढाईत विजय दे, असं त्यात कुठेच नाही. हा बांधावरचा राखणदार आहे. त्याला एरीसच्या रांगेत बसवणं अन्याय आहे, असं मला खरंच वाटतं.

शिवाय तक्त्यात न मावणारे देव आहेतच. जेनस, दाराचा आणि आरंभाचा देव. युद्ध चालू असेल तर त्याच्या देवळाचे दरवाजे उघडे, शांतता असेल तर बंद. ग्रीकांकडे त्याच्या तोडीचा कुणी नाही. किंवा रॉबिगस. हा गव्हावरच्या तांबेरा रोगाचा देव! 25 एप्रिलला त्याला बळी द्यायचे, पीक वाचावं म्हणून. तांबेरा पडलेल्या पानावरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. ती बोटाला लागलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हा देव लगेच कळेल.

मग जोड्या लागल्या कशा? हळूहळू, आणि पुष्कळदा संकटात. इ.स.पू. 217 मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इटलीतल्या ट्रॅसिमीन सरोवराकाठी रोमन सैन्य बुडवलं. घाबरलेल्या रोमने बारा देवदेवतांना सहा जोड्यांनी आसनांवर बसवून ग्रीक पद्धतीचं जेवण घातलं. ग्रीकांकडे एरीसची जोडी प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीशी; तिच्या जागी रोमची व्हीनस मार्सशेजारी बसली ती त्या पंगतीत.

काही नाती मात्र खरीच जुनी. झ्यूस, ज्युपिटर आणि आपल्या ऋग्वेदातला द्यौष्पिता ही तिन्ही नावं एकाच मुळातून आलेली. इथे कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. ही भावंडं आहेत. अपोलो या ग्रीक देवाला तर रोमने त्याच नावाने घरात घेतलं.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिने पेन्सिल घेतली, तक्त्याखाली उजवीकडे 'जेनस' लिहिलं आणि डावीकडे रेघ मारली. मग विचारलं, "तांबेऱ्यावाल्याचं नाव काय होतं?"