‘प्रतिफळ भरून पावलात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू,

सलाम.

लीनतेवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. उत्तराला नऊ दिवस लागले, कारण पहिल्या रात्री लिहिलेले उत्तर कोणाला पाठवण्याजोगे नव्हते आणि ते मी पुसून टाकले. आपण नाव न देता ‘एक विश्वासणारा’ एवढीच सही केली आहे, त्यामुळे आपण वयाने माझ्याहून मोठे की लहान हे मला ठाऊक नाही. म्हणून ‘आपण’ म्हणूनच लिहिते.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी आपली प्रतिक्रिया येथे उतरवून घेते. आपण लिहिले आहे : “लीनतेवरच्या लेखात लेखिकाबाईंनी स्वतःचा उल्लेख 21 वेळा केला आहे. चिखल उपसल्याची गोष्ट चारचौघांत सांगून तुम्ही आपले प्रतिफळ भरून पावलात. वचनाचा आकडाही चुकला आहे. आणि ज्यांना पिढ्यान्पिढ्या वाकवले गेले त्यांच्यापुढे लीनतेचे गोडवे गाणे व्यासपीठावरच्यांना फार सोपे असते.”

आकड्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. लग्नाच्या मेजवानीत मुख्य आसनावर बसू नये या दाखल्याचा संदर्भ मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, लूक 18:14 असा दिला होता, तो 14:11 असा हवा होता. स्वतःला उंच करणारा नमवला जाईल, हे प्रभूचे बोलणे लूकने दोन्ही ठिकाणी नोंदवले आहे, त्यामुळे अर्थाला बाध येत नाही, पण चूक ती चूकच. मी ती दुरुस्त केली आहे आणि आपले आभार मानते.

‘लेखिकाबाई’ या संबोधनाबद्दल मात्र बोलायला हवे. 33 वर्षे मी परिचारिका म्हणून नोकरी केली आणि वॉर्डात ‘बाई’ या हाकेला मी हजारदा ओ दिली आहे. त्या हाकेत मदत मागितलेली असायची. आपल्या ‘बाईं’मध्ये काय आहे हे ज्याला मराठी कळते त्याला सांगावे लागत नाही. बंधुभावाने चूक दाखवायची असती तर आपल्याला दोन ओळींचे खासगी पत्र लिहिता आले असते, कारण मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभूने तोच क्रम सांगितला आहे, आधी एकांतात आणि मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे. आपण थेट चारचौघांत आलात. चारचौघांत बोलणे हाच जर माझा अपराध असेल, तर तो आपल्याही हातून घडला आहे.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण नऊ दिवस मला झोप लागू दिली नाही ती त्या वाक्याने. ‘प्रतिफळ भरून पावलात.’ मत्तयाच्या 6व्या अध्यायातले हे शब्द आहेत. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्या ढोंग्यांविषयी प्रभूने ते उच्चारले. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असेही तिथे पुढे सांगितले आहे. हे शब्द आपण माझ्यावर लावले आहेत, म्हणून मी काय सांगितले होते आणि काय नव्हते हे पाहणे भाग आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे, आणि 2005 चा पूर पाहिलेल्यांनाही हे पाणी नवे होते. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळीतले काही जण फावडी, घमेली, खराटे आणि ब्लीचिंग पावडरची पोती घेऊन सांगलीवाडीत गेलो. तिसऱ्या की चौथ्या घरात शिरलो तेव्हा आतल्या बाईला मी ओळखले. माझ्या वॉर्डात आया म्हणून ती काही वर्षे होती. आम्ही सगळ्याजणी तिला मावशी म्हणत असू.

1994 साली एका रात्रपाळीत शस्त्रक्रियेच्या सामानाचा एक ड्रम ऑटोक्लेव्ह न होताच, म्हणजे वाफेने निर्जंतुक न होताच, वॉर्डात परत आला होता. सकाळी ते उघडकीला आले. खात्री करून सही करण्याचे काम माझे होते, आणि मी न पाहता सही केली होती. मेट्रन बाईंनी विचारले तेव्हा मी मावशीकडे बोट दाखवले. ती काही बोलली नाही. आठ दिवसांत तिची बदली धुलाईकडे झाली आणि पुढे ती आमच्या वॉर्डात कधी आली नाही. मी बोलू शकले असते. पण तेव्हा मी वॉर्डाची इन्चार्ज होण्याच्या बेतात होते.

तिच्या घरात पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. जोंधळ्याचे पोते फुगून फुटले होते आणि त्या वासाने उभे राहवत नव्हते. मी फावडे लावले. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्ही राहू द्या, बसा.” एक प्लास्टिकची खुर्ची तिने ओढून घेतली आणि मदतीच्या गाडीवरून मिळालेली पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली उघडून त्यातले अर्धे पाणी त्या खुर्चीवर ओतले. पदराने ती पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी त्या गल्लीत पिण्याचे पाणी रांगेत उभे राहून मिळत होते.

मी लेखात सांगितले ते हे. बंधू, यात माझे सत्कृत्य कोणते? घमेल्यांचा हिशेब त्या लेखात कोठे आहे? ज्या बाईचे मी नुकसान केले तिने माझ्यासाठी आपले पाणी ओतले, आणि त्या खुर्चीवर मला बसवेना, ही हकीकत आहे. माझ्या डाव्या हातालाच काय, साऱ्या जगाला ती कळली तरी मला तिच्यातून मिळण्यासारखे काही नाही. कर्णा वाजवणारा आपले दान सांगतो. मी माझे खोटे सांगितले. या दोन्ही गोष्टी आपल्याला एक वाटत असतील तर आपण घाईने वाचले आहे, असेच मला म्हणावे लागेल.

आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये याला ‘साक्ष’ असा शब्द आहे, आणि तो कोर्टातून आलेला असला तरी आपण त्याला घरचा केला आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेत कोणी म्हातारी उठून “मला दोन शब्द साक्ष द्यायची आहे” असे म्हणते तेव्हा तिच्या बोलण्यातले ‘मी’ कोणी मोजत बसत नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 11व्या अध्यायात म्हटले आहे की, प्रौढी मिरवणे भागच असेल तर मी माझ्या दुर्बलतेची प्रौढी मिरवीन. पुढच्याच अध्यायात तो शरीरातल्या काट्याविषयी सांगतो. ते पत्र वाचताना ‘मी’ मोजावे लागले तर 21 वर थांबता येणार नाही. संत ऑगस्टीनने इ.स. 400 च्या सुमारास देवाला उद्देशून लिहिलेले आपले आत्मकथन अवघे ‘मी’ने भरलेले आहे, आणि देवाच्या वाटेवर पहिले काय असे विचारले तर पहिले लीनता, दुसरे लीनता, तिसरे लीनता असे एका पत्रात उत्तर देणाराही तोच. फार लांब कशाला, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या स्तोत्रातून ‘माझा’ आणि ‘मला’ काढून टाका, आणि मग काय उरते ते पाहा.

पंडिता रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी पदव्या दिल्या होत्या. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत त्यांनी कबूल केले आहे की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. एवढ्या विदुषीने हे लोकांपुढे मांडले, तेव्हा त्यात तिने ‘मी’ किती वेळा लिहिले हे कोणाला सुचले असेल? लक्ष्मीबाई टिळकांनीही आपल्या आठवणींत सोवळ्याचा आणि जातीचा अभिमान किती काळ धरून ठेवला होता आणि तो कसा गळाला, हे स्वतःवर पांघरूण न घालता सांगितले आहे. त्या गप्प राहिल्या असत्या तर शालीन दिसल्या असत्या. आपल्याला मात्र काहीच मिळाले नसते.

मी असे मानते की गर्वाचे ठिकाण ‘मी’ या शब्दात नसून नजरेत असते. देवळात प्रार्थनेला गेलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार यांचा लूकच्या 18व्या अध्यायातला दाखला पुन्हा वाचून पाहावा. परूशी खोटे बोलत नाही. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि मिळकतीचा दशांशही देतो. त्याची प्रार्थना बिघडते ती “ह्या जकातदारासारखाही मी नाही” या शब्दांपाशी, म्हणजे डोळे मिटायच्या वेळी त्याने तिरक्या नजरेने मागे पाहिले तिथे. जकातदाराच्या प्रार्थनेतही ‘मी’ आहेच, ‘मज पाप्यावर’ म्हणून. पण त्याने आजूबाजूला पाहिलेले नाही. आपण माझे ‘मी’ मोजलेत म्हणून मीही मोजले : आपल्या प्रतिक्रियेत ‘मी’ हा शब्द एकदाही नाही. ती सगळी माझ्याकडे बघून लिहिलेली आहे. हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो आहे, तरी लिहिते, कारण निनावी राहणे म्हणजे लीनता, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाच्या, लिलावात पपईला दोन हजार रुपये बोलून नाव पुकारायला लावणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत, आणि निनावी पाकीट टाकून ते आपण टाकले हे पुढच्या रविवारपर्यंत दहा घरांत पोचवणारेही ठाऊक आहेत. पहिल्याला निदान देवळाच्या छपराला पैसे दिल्याचा आनंद उघडपणे झालेला असतो. नाव झाकले म्हणून मन झाकले जात नाही.

पौलाने कलस्सैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात एका वेगळ्याच धोक्याची सूचना दिली आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे संदेश फार क्वचित होतो. स्वतः निवडलेल्या, दाखवायच्या लीनतेविषयी तो बोलतो. ती शहाणपणाची वाटते, देहाला कष्ट देते, पण देहस्वभावाला आवर घालत नाही. “आम्ही काय बाबा, आम्ही काहीच नाही” असे म्हणत राहणाऱ्या माणसाला “होय, खरेच आहे” असे कोणी म्हणून पाहावे. मी वॉर्डात पंचवीस वर्षे असेच बोलत असे. मावशीची बदली झाल्यावरही असेच बोलत असे. माझ्याबद्दल सगळे म्हणायचे, सिस्टर फार नम्र आहेत.

आपला शेवटचा मुद्दा पिढ्यान्पिढ्या वाकवलेल्यांचा. तो फार मोठा आहे आणि या उत्तरात त्याला जागा नाही. एवढेच म्हणते की मी ‘व्यासपीठावरची’ आहे हे आपण कशावरून ठरवलेत? माझी आजी खटाव तालुक्यातली. गावच्या विहिरीवर तिला पोहरा सोडू देत नसत, कोणी ओंजळीत वरून ओतेल तेव्हा ती पाणी प्यायची. ती बाप्तिस्मा घेऊन ताठ उभी राहिली तेव्हा लोकांनी त्याला माज म्हटले. वाकवले जाणे म्हणजे काय हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. ग्रीक जगात लीन हा शब्द गुलामाच्या पायरीचा होता, तो कोणी आपणहून घेत नसे. फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात मात्र जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त करून दासाचे स्वरूप घेतले आहे, म्हणजे लीनता उतरणाऱ्याची असते, ढकललेल्याची नव्हे. हे मला मान्य आहे आणि माझ्या लेखात याच्या विरुद्ध काही नाही. त्या घरात खुर्ची पुसणारी मी नव्हते. मावशीने ती माझ्यासाठी का पुसली, प्रेमाने की तीस वर्षांच्या सवयीने, हे मी तिला अजून विचारलेले नाही. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

एक गोष्ट राहिली. लेखासोबत एक छायाचित्र होते, गुडघाभर चिखलात मी फावडे घेऊन उभी आहे असे. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही, पण नऊ दिवसांत त्याच्याकडे माझे लक्ष अनेकदा गेले. ते मंडळीतल्या एका मुलाने काढले होते आणि लेखासोबत टाकायला दुसरे काही नव्हते म्हणून मी टाकले, असे मी स्वतःला सांगत होते. दुसरेही होते. रिकाम्या गल्लीचे होते, भिंतीवरच्या रेघेचे होते. काल रात्री ते छायाचित्र मी काढून टाकले आणि तिथे रेघेचे लावले.

मजकुरातला एकही शब्द मी काढणार नाही. आपली प्रतिक्रियाही मी काढलेली नाही, आणि काढणार नाही. मावशीला अलीकडे डोळ्यांनी कमी दिसते. येत्या रविवारी उपासनेनंतर मी तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा लेख, आपली प्रतिक्रिया आणि हे उत्तर असे तिन्ही तिला वाचून दाखवीन.