गॅस की इंडक्शन: ओटा फोडण्याआधीचं भांडण

पिंट्याचं स्वयंपाकघर फुटणार हे ठरलं होतं. जुना कडाप्प्याचा ओटा जाणार, ग्रॅनाइट येणार, खाली ट्रॉल्या, वर कपाटं. कंत्राटदाराला रविवारपर्यंत एकच उत्तर हवं होतं: ग्रॅनाइटमध्ये भोक कशाच्या मापाचं पाडू? पाइप गॅसवरच्या चार बर्नरच्या हॉबचं, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचं, की इंडक्शनचं? पिंट्याने प्रश्न कट्ट्यावर टाकला आणि रात्रीचे साडेअकरा वाजले तरी कुणी उठेना.

आमचा कट्टा म्हणजे कर्वेनगरातल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. त्या दिवशी अण्णा होते, ज्यांचं सगळं आयुष्य वीज खात्यात गेलं. बँकेतला बापू होता. कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी दुकान आवरून आल्या होत्या. आणि पिंट्याबरोबर वहिनीही आल्या होत्या, कारण त्यांना इंडक्शन हवं होतं आणि ते त्या स्वतः सांगणार होत्या.

बापूने सुरुवातच हिशेबाने केली. "घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यातली ऊर्जा विजेच्या भाषेत सांगायची तर साधारण १८० युनिट. पण गॅसची सगळी उष्णता पातेल्याला लागत नाही. आपल्या घरात, आपल्या हातांनी, ज्योत बाजूने बाहेर येत असताना, साठ टक्के लागली तरी खूप. म्हणजे कामाची १०८ युनिट. इंडक्शनमध्ये पातेल्याचा बूडच तापतो, तिथे पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास कामी येते. तेव्हा एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला १२५ युनिट पुरे. सिलिंडर नऊशेचा धरू. भाग द्या. युनिट सव्वासात रुपयांच्या आत पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, वर पडत असेल तर गॅस."

"माझ्याकडे सिलिंडर कुठाय, पाइप आहे," पिंट्या म्हणाला.

"त्यातही मोठा फरक नाही. पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरला सातएक युनिट धर, आणि तुझ्या बिलावरचा दर बघ."

इथे अण्णांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हिशेब करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. ते म्हणाले, "बापू, सरासरी दर लावू नकोस. महावितरणचे टप्पे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, त्यापुढे आणखी. पिंट्या, तुझा महिन्याचा वापर किती? दोनशेतीस? मग स्वयंपाकाची वीज पहिल्या स्वस्त शंभरात बसणार नाही, ती सगळी वरच रचली जाणार. चार माणसांचा सिलिंडर दीडेक महिना जातो असं धरलं तर महिन्याला ८०-८५ युनिट वाढली. म्हणजे तू ३१५ वर गेलास. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि १६ टक्के विद्युत शुल्क धरून ही युनिटं दहा रुपयांच्या पुढेच पडतात."

बापूने मोबाइलवर आकडे केले. अकरा रुपये युनिट धरलं तर ८५ युनिटांचे ९३५. तेवढ्याच स्वयंपाकाला गॅस साधारण ६१० रुपयांचा. महिन्याला सव्वातीनशे रुपयांनी इंडक्शन महाग.

"झालं तर मग," मावशी म्हणाल्या.

"नाही झालं," वहिनी म्हणाल्या. "बापूभावजी, तुम्ही म्हणालात गॅसची साठ टक्के उष्णता पातेल्याला लागते. उरलेले चाळीस टक्के कुठे जातात?"

बापू थांबला.

"माझ्या अंगावर येतात. आमचं स्वयंपाकघर आठ बाय सात. मे महिन्यात बाहेर चाळीस असतं. आणि पंखा लावता येत नाही, कारण ज्योत हलते. दुपारी पोळ्या करताना ब्लाउज पिळून काढावा लागतो. सासूबाई संध्याकाळी भाकरीला उभ्या राहतात, त्यांना ब्लडप्रेशर आहे. इंडक्शनवर पंखा फुल लावून स्वयंपाक करता येतो. सव्वातीनशे रुपयांत दोघींच्या डोक्यावर पंखा येत असेल तर मला तो महाग वाटत नाही."

मला वाटतं, या एका मुद्द्यावर आपल्याकडे कधी नीट बोललंच गेलं नाही. नव्या स्वयंपाकघराच्या चर्चेत काचेचा रंग येतो, चिमणीची ताकद येते, ट्रॉल्यांची कंपनी येते. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला किती गरम होतं हा प्रश्न कंत्राटदाराच्या यादीत नसतो. घराच्या प्रत्येक खोलीत पंख्याचा हूक असतो, स्वयंपाकघरात मात्र असला तरी तो ओट्यापासून लांब. हे दोन पिढ्या चालत आलंय म्हणून बरोबर ठरत नाही.

पण मावशी हटल्या नाहीत, आणि त्यांचं म्हणणं वीस वर्षं तव्यापाशी काढलेल्या बाईचं होतं. "मला एक सांग गं. भाकरी कशी करणार? तुझ्या इंडक्शनची कॉइल सात-आठ इंच, सासूबाईंचा लोखंडी तवा बाराचा. मधे काळं पडतं आणि कडा पिठूळ राहतात. शिवाय तो तवा वर्षानुवर्षं वापरून मधे बसलाय, काचेवर सपाट टेकतच नाही. आणि भाकरी एकदा तव्यावर झाली की आरावर टाकून फुगवायची, ती कशावर? फुलक्याचंही तेच."

"फुलका कापडाने दाबून तव्यावरच फुगवता येतो."

"पोळी येते. फुलका नाही. आणि वांगं? कांदा-खोबरं भाजायचं वाटणाला? पापड?"

वहिनींनी वांग्याचं मान्य केलं. "भरीत इंडक्शनवर होत नाही. ते खोटं सांगणार नाही."

"ओव्हनमध्ये भाजता येतं की," बापू म्हणाला.

मावशी जळगावच्या. "आमच्याकडे वांगी तुराट्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेलं भरीत हीच माझ्या लेखी तडजोड आहे. ओव्हनमध्ये वांगं उकडल्यासारखं होतं, त्याला धुराचा वास कुठून येणार?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मीही गप्प बसलो, कारण त्या बरोबर होत्या.

फोडणीवर मात्र दोघींचं जुंपलं. मावशींचं म्हणणं, लहान कढलं ठेवलं तर इंडक्शन ते ओळखतच नाही. खरं आहे. काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज जाते, तिच्यामुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने लोखंडाच्या बुडात प्रवाह खेळतात आणि बूड स्वतः तापतो. वर पुरेसं लोखंड नसेल तर शेगडी बंद राहते. चार इंचांच्या कढल्याला बऱ्याच शेगड्या दाद देत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मग वरण ज्या पातेल्यात करायचं त्यातच आधी फोडणी करायची. फक्त आच कमी ठेवून तेल घालायचं, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत करपते. आठ दिवसांत हात बसतो." वहिनींच्या भावाकडे साताऱ्याला इंडक्शन आहे, सुट्टीत त्या तिथे महिनाभर त्याच्यावरच करतात, तेव्हा हे ऐकीव नव्हतं.

पिंट्याला एकदम आठवलं, "सोलर आहे ना त्यांच्याकडे?"

"हो. म्हणून तिथलं गणित वेगळं," अण्णा म्हणाले. "स्वतःचं छत, तीन किलोवॉटचं सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. ऊन चांगलं असेल तर दिवसाला बारा युनिट येतात, स्वयंपाकाला लागतात तीन. तिथे गॅस ठेवायचं कारण भाकरी आणि भरीत एवढंच. तुझं छत सोसायटीचं आहे, पिंट्या. साताऱ्याचा हिशेब कर्वेनगरात आणू नकोस."

मग भांड्यांचा विषय निघाला. अॅल्युमिनियमचा जुना कुकर, हिंडालियमची कढई, पितळी पातेली, मातीची हंडी, यातलं काहीच इंडक्शनवर तापणार नाही. मी पिंट्याला म्हटलं, फ्रिजवरचा चुंबक काढ आणि फडताळातल्या एकेका भांड्याच्या बुडाला लाव. जिथे घट्ट चिकटेल ते चालेल. गोल बुडाच्या कढया बाजूला काढ. जे उरेल त्यातून नवीन किती घ्यावं लागेल ते कळेल. हा खर्च शेगडीच्या किमतीत कुणी धरत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. स्वस्तातली शेगडी मंद आचेवर खऱ्या अर्थाने मंद होत नाही, ती जोरात चालते, बंद होते, पुन्हा जोरात चालते. भाजीला चालून जातं. बासुंदी किंवा खव्याला नाही, बुडाला लागतं. तेव्हा दुकानात पाण्याचं पातेलं ठेवायला सांगायचं, सगळ्यात कमी आच लावायची आणि बुडबुडे सलग येतात की थांबून थांबून, ते बघायचं.

पिंट्या हळूच म्हणाला, "आई हल्ली दूध ठेवून विसरते." त्यावर कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. वहिनींनी इंडक्शनचा टायमर, पातेलं उचललं की आपोआप बंद होणं, हे सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "पण त्यांना ती टचची बटणं जमतील का? ओल्या बोटाने लागत नाहीत. शहात्तरीत नवी गोष्ट शिकायला लावताय." हा प्रश्न खरा होता. फिरवायच्या खुंट्यांची इंडक्शन शेगडी मिळते, पण शोधावी लागते. माझं मत, आईंसाठी तीच शोधावी, दोन पैसे जास्त गेले तरी.

अण्णा भांड्यांच्या विषयापासून सगळं ऐकून घेत होते. आता ते बोलले आणि बराच वेळ बोलले. "तुम्ही शेगडीवर भांडताय. शेगडी काय, उद्या बदलता येते. भिंतीतली वायर पुढची पंधरा वर्षं कुणी बदलणार नाही. पिंट्या, तुझ्या ओट्यापाशी आज काय आहे? मिक्सरचा पॉइंट आणि फार तर एक पॉवर पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर. टेबलावरची एक शेगडी दोन हजार वॉटची, नऊ अँपियर ओढते, ती त्यावर चालेल. पण ओट्यात बसवायची दोन चुलींची शेगडी साडेतीन हजार वॉटच्या आसपास असते, चार चुलींची सात हजार. सात हजार म्हणजे तीस अँपियर. तेव्हा टाइल्स फुटल्यात तोवर मेन डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीपासून, थेट सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घे, तिला स्वतंत्र ३२ अँपियरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो बघ. सकाळी सात वाजता गिझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम लागणार. भार वाढवायचा अर्ज आधी कर, ट्रिप व्हायला लागल्यावर नाही."

"आणि गुरुवारी?" मावशींनी विचारलं. पुण्यात गुरुवार देखभालीचा, दुपारी लाइट गेली की स्वयंपाक कशावर, आणि घरचा इन्व्हर्टर इंडक्शन ओढू शकत नाही.

"म्हणूनच गॅस काढू नको म्हणतो," अण्णा म्हणाले. "पण पाइपाचंही ऐकून ठेव. कंत्राटदार सुबक दिसावं म्हणून पाइप कपाटामागे नाहीतर भिंतीत गाडायला बघेल. गाडू द्यायचा नाही, आणि हलवायचा असेल तर गॅस कंपनीचा माणूस बोलवायचा, प्लंबर नाही. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीवर बसतो. तेव्हा तुझ्याकडे छताजवळचा झरोका उघडा हवा. वरची कपाटं करताना नेमका तोच बुजवतात."

बापू शेवटी म्हणाला, "मग चार बर्नरचा हॉब नको?"

इथे मी माझं मत ठामपणे मांडलं आणि अजूनही तेच आहे. चार बर्नर एका वेळी पेटलेले मी घरगुती स्वयंपाकात सणासुदीलासुद्धा क्वचित पाहिलेत. चार मोठी पातेली त्यावर शेजारी शेजारी मावतच नाहीत. पिंट्याने गॅसचे दोन बर्नर घ्यावेत, एक भाकरीच्या तव्याला पुरेल एवढा मोठा. शेजारी दोन चुलींचं इंडक्शन. कुकर, दूध, चहा, वरण, भाजी, उकडीचे मोदक हे सगळं इंडक्शनवर, पंखा लावून. गॅस पेटेल तो भाकरी-पोळीपुरता, वांग्यापुरता आणि गुरुवारपुरता. म्हणजे अंगावर येणारी उष्णता दिवसभराऐवजी तास-दीड तासाची, आणि वीज वाढली तरी ८५ नाही, पन्नासेक युनिटांनी.

मावशींना हे अर्धंच पटलं. "दोन्हीचा खर्च करायला पैसे असणाऱ्यांचं हे उत्तर," त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर आहे. ज्याला एकच घेणं परवडतं आणि ज्याच्या घरी रोज भाकरी होते, त्याने गॅस ठेवावा आणि बाराशेचा छोटा भिंतीवरचा पंखा ओट्याच्या विरुद्ध भिंतीला, ज्योतीवर वारा न येता पाठीवर येईल असा लावावा. हे मावशी स्वतः त्यांच्या केंद्रात करतात. वहिनींनी तिथल्या तिथे विचारलं, पंखा किती उंचीवर, कुठल्या कोनात, आणि मावशींनी उठून गिरणीच्या शटरवर हाताने जागा दाखवली.

पिंट्याने कंत्राटदाराला तिथूनच निरोप पाठवला: भोकं दोन, वायर सहाची, झरोका तसाच, आणि छताला पंख्याचा हूक. दोन मिनिटांत उत्तर आलं की सहाची वायर कशाला, चारची पुरेल. अण्णांनी फोन मागून घेतला. रविवारी प्लास्टर व्हायच्या आत ते स्वतः जाऊन वायरीवरचा छापा वाचणार आहेत.