बियरची बाटली पाण्यात उलटी धरणाऱ्यांसाठी

परवा कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. दर उन्हाळ्यात येतो, वर तीन लाल बोटं आणि "एका डॉक्टर मित्राने पाठवलंय, जरूर वाचा". यावेळी मात्र आमच्यातल्याच एकाने तो खास माझ्यासाठी टाकला होता, कारण आदल्या शनिवारी मी चार जणांना घरी बोलावून बेल्जियन एल, म्हणजे तिकडच्या कडक, वासाच्या बियर, पाजल्या आणि साहेबांचं म्हणणं की मी ग्लिसरीन न काढता पाजल्या म्हणून रविवारी त्याचं डोकं दुखलं. मेसेजचा सारांश असा: बियरमध्ये ग्लिसरीन टाकतात, ते बाटली पाण्यात उलटी धरून काढा. बियर म्हणजे काही दारू नव्हे. काळी बियर जास्त कडक असते. बियर जितकी गार तितकी भारी. तळाशी गाळ दिसला की बाटली खराब. आणि मुतखड्यावर बियर हा रामबाण उपाय.

ग्लिसरीनपासूनच सुरू करतो कारण हे मी स्वतः हॉस्टेलला असताना भक्तिभावाने केलंय. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, बाटली उघडून तोंडावर अंगठा दाबायचा, उलटी करून तोंड पाण्यात बुडवायचं आणि अंगठा काढायचा. मग बाटलीतून तेलकट दिसणारे धागे हळूहळू खाली उतरतात आणि कोणीतरी ओरडतं, "बघ, निघालं!" आता निघालं ते काय, तर बियर. फिकी बियर पाण्यात मिसळली की रंग दिसत नाही, नुसते चकचकीत धागे दिसतात, बस एवढंच. बियरमध्ये न आंबलेली थोडी साखर वगैरे उरलेली असते त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यात फ्रीजमधून काढलेली, म्हणजे अजून जड, ती खाली उतरते आणि तिच्या जागी ग्लासातलं पाणी वर बाटलीत चढतं. म्हणजे आपण काढत काहीच नाही, वर पैसे देऊन घेतलेल्या बियरमध्ये स्वतःच्या हाताने पाणी घालतो.

खरं वाटत नसेल तर मी रविवारी केलं ते करा. रिकामी पिंट धुतली, फ्रीजमधलं गोड कोकम सरबत गच्च भरलं आणि तशीच उलटी धरली. लालबुंद धागे निघाले, बियरपेक्षा झकास, आणि ग्लासच्या तळाशी जाऊन पसरले. आता कोकम सरबतात ग्लिसरीन कोणी टाकलं, आमच्या आईने? (तिचं म्हणणं एवढंच होतं की सरबत वाया घालवू नकोस.)

ग्लिसरीन बियरमध्ये असतं हे खरं आहे, पण ते यीस्ट आंबवताना स्वतःच बनवतं, लिटरमागे काही ग्रॅम, वाईनमध्ये तर त्याहून जास्त असतं. ते पूर्ण विरघळलेलं असतं. चहात विरघळलेली साखर कप उलटा करून वेगळी निघते का? मग हेही निघत नाही. आणि डोकं दुखतं ते अल्कोहोलने आणि पाणी कमी प्यायल्याने.

आता "बियर म्हणजे दारू नव्हे". हे वाक्य मला सगळ्यात डेंजर वाटतं, कारण ते म्हणणारा माणूस हमखास स्ट्राँगची मोठी बाटली घेऊन बसलेला असतो. सरळ हिशोब करू. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के, तिच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १२.८ मिली. भागाकार करा, एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. दोन मारल्या की आठ, आणि वर हा म्हणणार मी फक्त बियर घेतो. महाराष्ट्रात माइल्डसाठी वयाची अट २१ आणि स्ट्राँगसाठी २५ आहे ती काय उगाच नाही. हाच हिशोब मी शनिवारी मांडून बसलो होतो. मेव्हण्याने ब्रसेल्सहून सहा बाटल्या आणलेल्या, ३३० मिलीच्या, एकूण १.९८ लिटर, कस्टमची दोन लिटरची हद्द जेमतेम सांभाळून. दोन ड्यूव्हेल, दोन शिमे ब्लू, दोन रोशफोर १०. ड्यूव्हेल ८.५ टक्के, शिमे ब्लू ९ आणि रोशफोर ११.३, म्हणजे रोशफोरची एक छोटी बाटलीच जवळजवळ तीन पेग. त्यामुळे मी पाचही जणांत प्रत्येक बाटली वाटून छोट्या ग्लासात दिली, मध्ये पाण्याचा जग फिरवत ठेवला, आणि सहावी बाटली उघडलीच नाही. ज्याचं डोकं दुखलं त्याने इथून घरी जाऊन काय केलं ते त्याच्या बायकोने ग्रुपवर लिहिलंय, मी लिहित नाही.

काळी म्हणजे कडक? गिनेस ड्राफ्ट काळीभोर असते, ४.२ टक्के. ड्यूव्हेल पिवळीधमक, ८.५. रंग येतो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, किती भाजलंय त्यावरून, शेंगदाणे कमी-जास्त भाजावेत तसं. कडकपणा येतो यीस्टला खायला साखर किती मिळाली त्यावरून. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, लेबलवर आकडा छापलेला असतो, तो वाचायचा, विषय संपला.

गारेगार प्रकरणावर मात्र थोडं थांबतो. मे महिन्यात दुपारी माइल्ड लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकी बियर, एकदम चिल्ड हवी, यात वादच नाही, मीही तशीच पितो. पण हाच नियम एलला लावला की पैसे पाण्यात, कारण गारठ्याने वासच मरतो. फ्रीजमधून आत्ता काढलेलं श्रीखंड आणि दहा मिनिटं ताटात बसलेलं श्रीखंड, वेलची-केशर कशात कळतं ते सांगा. शिमे ब्लूची एक बाटली मी मुद्दाम फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली आणि सगळ्यांना म्हटलं अर्धी आता प्या, अर्धी राहू दे. आधी नुसता फेस आणि घशाला जळजळ, एकाने तर बर्फ मागितला, मी ऐकलंच नाही असं दाखवलं. वीस-पंचवीस मिनिटांनी तोच ग्लास परत नाकाशी नेला तर खजूर, काळ्या मनुका, थोडा करपवलेला गूळ आणि मागे लवंगेसारखं काहीतरी. बर्फवाला सगळ्यात आधी म्हणाला, "अरे ही वेगळी आहे का?" साधारण १० ते १२ अंश हे या एलचं घर. आपल्या फ्रीजमध्ये असतं चारेक अंश, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायची, उन्हाळ्यात पंधरा मिनिटंही पुरतात.

याबरोबर तिखटजाळ चखणा ठेवू नका, अल्कोहोल जास्त असलं की तिखट अजून चढतं आणि दोन्हीची वाट लागते. मी गुळपोळीचे तुकडे ठेवले होते, तुपाशिवाय, ते शिमेबरोबर इतके जुळले की संक्रांतीला परत हाच बेत करायचा ठरलाय. तळलेला बांगडा करणार असाल तर त्याला व्हीट बियर, म्हणजे गव्हाची, द्या.

गाळाचं असं की या तिन्ही बेल्जियन एल बाटलीत भरल्यावरही आत थोड्या आंबतात, मुद्दाम, आणि तळाशी बसतं ते यीस्ट. बाटली उभी ठेवायची, एका दमात हळू ओतायची, तळात बोटभर ठेवायची. खराब होण्याची खरी कारणं दोन, ऊन आणि वेळ. हॉप्सवर, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांवर, उजेड पडला की बियरला कुबट घाण वास येतो, हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीत तर लवकर, म्हणून दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊच नका, टिन घ्या. गोव्याची एट फिंगर एडी घ्या नाहीतर दुसरी कुठली आयपीए (भरपूर हॉप्सची एल), तारीख बघून ताजी घ्यायची, हॉप्सचा वास काही महिन्यांत उतरतो. पुण्यात मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे स्वतःची बियर बनवणाऱ्या बारमधून, ग्राउलर (बियर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणलात तर तो उभा, गार आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा, उघडला तर त्याच दिवशी. रोशफोरसारखी मात्र अंधारात दोन-तीन वर्षं ठेवलीत तरी काही बिघडत नाही.

मुतखडा. बियरने लघवी जास्त होते हे खरं, पण ती पाण्यानेही होते. अडकलेला मोठा खडा बियरने बाहेर येत नाही, उलट वेदना वाढतात, आणि बियरने युरिक अॅसिड वाढतं, ज्याचेच काही खडे बनतात. दुखत असेल तर बियर शॉपीत नको, डॉक्टरकडे जा, मेसेजमधल्या नव्हे, खऱ्या.

सहावी बाटली, रोशफोर, कपाटात खालच्या खणात उभी आहे. मेसेज टाकणाऱ्याला पुढच्या शनिवारी बोलावलंय. पाण्याचा ग्लास समोर ठेवीन, पण बाटली माझ्याच हातात असेल.