चाकं थांबली तरी इंजिन थांबू नये

चालकदादा, रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. सुरत-नागपूर महामार्गावर पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर तुम्ही गाडी लावली आहे. शेवभाजीचा तिखट रस्सा ओरपून झालाय, तंबाखू मळून झाली, शेठला ‘पोचलो’ म्हणून फोन झाला. आता झोपायचं. नेमकी इथेच नवखी पोरं घोडचूक करतात. चावी फिरवतात आणि इंजिन बंद करतात. तुम्ही मुरलेले आहात, तुमच्याकडून असला पोरकटपणा होऊ नये म्हणून हा लेख.

माझं घर अशाच एका ढाब्याच्या मागे आहे. मध्ये एक लिंबाचं झाड आणि बोराटीचं कुंपण, बस्स. या विषयावर सल्ला देण्याचा अधिकार मी रात्र रात्र जागून कमावला आहे.

आधी कारणाचं बघू. कारण हाताशी असलं की धूर कमी दिसतो. खान्देश या बाबतीत फार उदार मुलूख आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि केबिनचा पत्रा मध्यरात्रीही तव्यासारखा तापलेला असतो. म्हणून इंजिन चालू. डिसेंबरात धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो. म्हणून इंजिन चालू. पावसाळ्यात डास. म्हणूनही चालूच. गाडी बंद ठेवावी असा ऋतू आमच्याकडे अजून आलेला नाही.

आता जागा. सायलेन्सरचं तोंड वस्तीकडे येईल अशी गाडी लावावी. धुराला जायला मोकळी वाट नको का? तासाभराने कुंपणाशी एक माणूस येईल, बनियनवर, हातात टॉर्च. म्हणेल, ‘‘गाडी बंद कर ना भो, पोऱ्या झोपत नही.’’ (तो माणूस मीच.) वाद घालू नका. काच चार बोटं खाली करा आणि म्हणा, ‘‘हो भाऊ, पाचच मिनिटं. हवा भरतोय.’’ एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरायला खरोखरच काही मिनिटं लागतात, त्यामुळे तुम्ही खोटं बोलला असं कोणी म्हणू शकणार नाही. सकाळी साडेपाचपर्यंत हवाच भरत होती, एवढंच. माझ्या अंदाजाने त्या हवेवर एखादं विमान उडालं असतं.

हिशेबाच्या भानगडीत पडू नका, पण शेठ पडलाच तर तयारी असावी. मोठी गाडी उभ्या उभ्या एसी लावून तासाला दोन लिटर पिते असं धरा. आठ तासांचे सोळा. लिटर नव्वद रुपयांचं धरलं तर १,४४० रुपये. तेवढ्या डिझेलवर भरलेली गाडी साडेतीनचा अॅव्हरेज देत धुळ्याहून निघून पारोळा ओलांडून एरंडोलच्या आसपास पोचते. तुम्ही मात्र जागचे न हलता तेवढा प्रवास करता, तोही आडवे पडून. आषाढीला पायी जाणाऱ्यांनाही हे साधलेलं नाही.

कोणी शहाणा सांगेल, केबिनमध्ये बॅटरीवरचा छोटा पंखा लावा. त्याचं ऐकू नका. तो पंखा फार तर वीस वॉटचा. गाडीला बारा-बारा व्होल्टच्या दोन दांडग्या बॅटऱ्या. रात्रभर पंखा फिरला तरी त्यांतली दहावा हिस्सा वीजही संपत नाही. म्हणजे सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होणार. मग ‘बॅटरी उतरेल ना साहेब’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य कुठे वापरायचं? मच्छरदाणीचंही तेच. दोनशे-तीनशे रुपयांत मिळते आणि धूर करत नाही. ज्यात आवाज नाही, थरथर नाही, ती कसली सोय? चार सिलिंडरांची अंगाई ऐकल्याशिवाय ज्याला झोप येते तो ड्रायव्हर नव्हे, प्रवासी.

सरकारही तुमच्या मागे उभं आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उशिरा का होईना, झालं ते चांगलंच झालं. दुपारी स्टिअरिंगमागे भाजून निघणाऱ्या माणसाची कोणाला तरी आठवण झाली. फक्त या एसीचा कॉम्प्रेसर फिरतो इंजिनावर. रात्री ड्रायव्हर कुठे झोपणार हा प्रश्न त्या कागदावर आला नाही. कायद्याने गारवा दिला, अंथरूण द्यायचं राहून गेलं. तशी कायद्याला झोपेची चिंता जुनीच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास काम लिहिलेलं होतं. तुमचे आठ कधीच उलटून जातात ते सोडा; पण रात्री तुम्ही घोरत असताना इंजिन आणखी आठ करतं. त्याचा ओव्हरटाइम कोणाच्या नावावर टाकायचा?

तुमची गाडी बीएस-६ या धुराच्या नियमातली असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर तुम्हाला एक जादा करमणूक आहे. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला पाचशे-सहाशे अंशांची धग लागते. उभ्या गाडीच्या स्लो रेसवर धूर तेवढा तापतच नाही, काजळी नुसती साठत जाते. चार-सहा रात्री असा आराम केलात की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागेल. त्याला दिवाळी समजा. मग एखाद्या सकाळी कोंडाईबारीच्या घाटात ऐन चढावर गाडीची ताकद मरेल, मागे दीड किलोमीटर रांग लागेल, आणि तुम्ही खाली उतरून टायरला लाथ माराल. लाथ मारताना डावा पाय वापरावा, उजवा ब्रेकला लागतो.

काचा पूर्ण लावून झोपायला विसरू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, अगदी सज्जन वायू. सायलेन्सरचा जोड कुठे फाटला असेल तर तो गुपचूप केबिनमध्ये येतो आणि अशी झोप लावतो की गजर ऐकू येत नाही. कधीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवला, तंबाखूच्या शेजारी. म्हणजे मघाशी मळलेल्या चिमटीला सोबत झाली. एकट्याने काही करू नये म्हणतात.

आणि शेजारी केळीची गाडी उभी असेल तर तुम्ही समाजसेवाच करताय. रावेर-सावद्याकडचा शेतकरी हिरवी केळी भरून उत्तरेला पाठवतो, दिल्लीला पोचेपर्यंत ती हिरवीच राहावीत म्हणून देव पाण्यात ठेवतो. केळी पिकतात ती इथिलीनने, आणि इंजिनाच्या धुरात थोडं इथिलीनही असतं. पिकवणीच्या खोलीला लोक पैसे मोजतात. तुम्ही रात्रभर उघड्यावर, फुकट धुरी देता. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर आपल्या सायलेन्सरची मोहोर उमटली तर बिघडलं कुठे?

राहता राहिला शेठ. हल्ली त्याच्या मोबाइलवर सगळं दिसतं: गाडी कुठे उभी, किती वेळ उभी, इंजिन चालू की बंद. सकाळी फोन येईल, ‘‘रात्रभर स्टार्ट का होती?’’ सांगायचं, जीपीएस खराब आहे. तो डिझेल पगारातून कापायची धमकी देईल. त्याला शांतपणे विचारा, शेठ, तुम्ही रात्री कशात झोपला होता? पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही. बंगल्यातल्या एसीची घरघर तेवढी येईल. हे माझं खरंखुरं मत आहे, उपरोध बाजूला ठेवून सांगतो: रात्रीमागे १,४४० जळून गेल्यावरच ज्याची हरकत निघते, त्याच्या हातून ढाब्यावरच्या कूलरच्या खोलीला तीनशे रुपये कधी सुटत नाहीत. भत्त्यात खोली बसत नाही, टाकीत मात्र बसते. मग तुम्ही टाकीत झोपता, यात तुमचं काय चुकलं? तरी पण माझ्या कुंपणापासून चार हात लांब झोपा.

शेवटची गोष्ट क्लीनरची. केबिनमध्ये दोघं मावत असले तरी एसी एकाचाच असतो, हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगावं. परवाच्या गाडीतला पोरगा असेल अठरा-एकोणीसचा. ताडपत्री अंथरून गाडीखाली, मागच्या चाकाला टेकून झोपला होता. डोकं सायलेन्सरपासून हातभर. साडेपाचला गाडी बंद झाली तेव्हा मी दात घासत कुंपणाशी उभा होतो. पोरगा खालून सरपटत बाहेर आला, लिंबाला धरून बराच वेळ खोकला, मग काळं थुंकला. ड्रायव्हर शालीतून तोंड काढून ताजातवाना उतरला, आळस दिला, त्याच्याकडे बघितलं आणि ढाब्यावाल्याला हाक मारली, ‘‘भाऊ, याच्या चहात आलं जास्त टाका. बाहेरची हवा बाधली पोराला.’’