‘सोडून द्या, आनंदी राहा’: चाळिशीपुढच्या बायकांना होणाऱ्या उपदेशाचा प्रतिवाद

मार्चचा पहिला आठवडा आला की घरच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला उद्देशून त्यात पाच गोष्टी सांगितलेल्या असतात: तुझी चिडचिड आणि रडू हा पाळी जाण्याच्या काळातला हार्मोन्सचा परिणाम आहे, तो मनावर घेऊ नकोस, आपल्या आज्यांना असले मनाचे आजार कधी झाले नाहीत, ‘नाही’ म्हणायला शीक, दिवसातला एक तास स्वतःसाठी काढ, आणि कुणाकडून अपेक्षा न ठेवता सगळ्यांना माफ करून सोडून दे, कारण आनंदी राहणे तुझ्याच हातात आहे. हा मजकूर पाठवणाऱ्या बहुतेक जणी तो मनापासून पाठवतात, आणि मीही एकदा तो माझ्या बहिणीला पाठवला होता. तिने उत्तर दिले नाही. त्या न आलेल्या उत्तरामुळे मी त्यातले एकेक विधान पुन्हा वाचले. माझा आक्षेप असा आहे की स्वतःची किंमत वाटायला झोप, वेळ, हातातला पैसा आणि कागदावरचे नाव यांचा आधार लागतो, आणि हा आधार कुठून यावा याविषयी एक अक्षरही न बोलता हा मजकूर सगळी जबाबदारी पुन्हा त्याच बाईच्या माथी मारतो.

पहिल्या विधानात तथ्य आहे, हे आधी मान्य करते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास कायमची थांबते. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात, परंतु त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेनची पातळी वरखाली होत राहते, अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते आणि झोप मोडते. या काळात नैराश्याचा धोका वाढतो, आणि ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना तो अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. मग यातून ‘मनावर घेऊ नकोस’ हा निष्कर्ष कसा निघतो? ज्या त्रासाला शरीरात कारण आहे, त्याला तपासणी आणि उपचारही असायला हवेत, आणि ते आहेत. शिवाय चिडचिड, थकवा, छातीत धडधड आणि उदासी ही लक्षणे थायरॉइडच्या दुखण्यातही दिसतात, ब-12 जीवनसत्त्व कमी असतानाही दिसतात आणि रक्त कमी असतानाही दिसतात. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत पुष्कळ जणींना अंगावरून खूप जाते, त्यामुळे शरीरातले लोह आणखी घटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा ‘हार्मोन्स’ हा एकच शब्द उच्चारून विषय मिटवणे म्हणजे त्या बाईच्या रक्ताची साधी तपासणीही टाळण्यासारखे आहे.

माझ्या बाबतीत हेच झाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येऊ लागली, आणि सकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबावे लागे. पहिल्या दवाखान्यात ‘या वयात होतंच’ असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या ठिकाणी चालायला जा म्हणाले. आठ महिन्यांनी तिसऱ्या डॉक्टरांनी माझ्या पापणीची आतली बाजू पाहिली आणि रक्त तपासायला पाठवले, तेव्हा हिमोग्लोबिन 7.8 निघाले. त्या आठ महिन्यांत घरात माझ्या बोलण्याला कुणी बोलणे मानत नव्हते. सासऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तिघा भावांत वाटून घ्याव्यात, असे मी दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा ‘तिचे दिवस आहेत’ असे म्हणून सगळे उठून गेले. आपल्याकडे बाई चिडली की तिचे कारण विचारण्याऐवजी तिचे वय विचारले जाते. हार्मोन्समुळे आवाज चढत असेल, पण चढलेल्या आवाजात सांगितलेली गोष्ट तेवढ्याने खोटी ठरत नाही.

आणि ‘वय’ तरी सगळ्यांचे एकच असते का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तोडीच्या हंगामात नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, आणि पाळीमुळे किंवा आजारपणामुळे खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून विशी-तिशीतल्या बायकांनीही पिशवी काढून घेतली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले तर शरीरातले इस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि एरवी पन्नाशीच्या जवळ येणारे त्रास तिशीतच सुरू होतात. या बायकांच्या पाठदुखीला आणि उदासीला निसर्गाचा खेळ म्हणता येणार नाही. तो मजुरीच्या पद्धतीचा परिणाम आहे.

आज्यांना मनाचे आजार नव्हते, या विधानाचा समाचार थोडक्यात घेता येतो. त्यांना त्यासाठी शब्द नव्हता आणि दवाखाना नव्हता, एवढेच खरे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या ओव्यांतून सासुरवास, एकटेपणा, माहेर तुटल्याचे दुःख आणि सीतेचा वनवास पुन्हापुन्हा येतो. पहाटे, घर झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत जे बोलून घेतले ते घरातल्या पुरुषांनी ऐकले नाही म्हणून ते नव्हतेच असे ठरत नाही. अंगात येणे, वर्षानुवर्षे डोके धरून अंधाऱ्या खोलीत पडून राहणे, ‘विहीर जवळ केली’ हा वाक्प्रचार, हे सगळे आपल्या आज्यांच्याच काळातले आहे. आजचे चित्रही फार वेगळे नाही: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2021 या एका वर्षात देशात 23,179 गृहिणींनी आत्महत्या केली. ज्या बाईला रात्र काढणे कठीण जात असेल तिला आजीचे उदाहरण देण्यापेक्षा 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक द्यावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

तिसरा उपदेश, ‘नाही’ म्हणायला शीक, हा वरवर पाहता सगळ्यांत धीट वाटतो, आणि मला सगळ्यांत अपुरा तोच वाटतो. त्यात गृहीत असे धरलेले आहे की बाईला ‘नाही’ हा शब्द येत नाही. तो तिला चांगला येतो. तो उच्चारल्यावर काय होते, हेही तिला पुरते ठाऊक असते. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा अमेरिकेत आहे. सुनेच्या बाळंतपणाला आधी तिची आई सहा महिने आणि मग ही सहा महिने, असे ठरले. पहिल्या नातवाच्या वेळी ती आनंदाने गेली, दुसऱ्याच्या वेळी तिने तीन महिनेच येईन असे सांगितले. तिने शिवणाचे वर्ग नुकतेच सुरू केले होते आणि अकरा मुली शिकायला येत होत्या. मुलगा काही वाईट बोलला नाही. नवरा एवढेच म्हणाला, ‘तिकीट मीच काढणार आहे, तुला नुसते बसून जायचे आहे.’ त्या वाक्याला तिच्याजवळ उत्तर नव्हते, कारण घर नवऱ्याच्या नावावर, खाते नवऱ्याचे, आणि तिच्या वर्गाची कमाई घरातल्या भाजीत आणि दुधात कधीच विरघळून गेलेली. ती सहा महिने गेली. परत आली तेव्हा चार मुली उरल्या होत्या.

अशा बाईला धीर नव्हता असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या पायाखाली जमीन हवी होती. ही जमीन काही अंशी कायद्याने दिलेली आहे, आणि आश्चर्य याचे की मर्यादा आखायला शिकवणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो, आणि घर बाईच्या नावावर नसले तरी ज्या घरात ती नांदते तिथे राहण्याचा हक्क तिला दिलेला आहे. माझ्या मैत्रिणीच्या घरात छळ नव्हता, तेव्हा तिला कोर्टाची पायरी चढायची गरज नव्हती. परंतु आपल्याला या घरातून कुणी सहजासहजी काढू शकत नाही हे ज्या बाईला माहीत असते, तिच्या बोलण्यात वेगळाच ठामपणा येतो, हे मी पाहिले आहे. गावाकडे हेच काम बचत गटाने केले. ‘मला जरा बाहेर जायचे आहे’ याला घरात दहा प्रश्न विचारले जातात, ‘गटाची मीटिंग आहे’ याला सहसा कुणी अडवत नाही, कारण त्या मीटिंगला पासबुक जोडलेले असते.

स्वतःसाठी एक तास काढण्याच्या सल्ल्याविषयी फार लिहीत नाही, आकडेच पुरेसे आहेत. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष 97 मिनिटे देतात, असे आढळले. मुले, म्हातारे आणि आजारी माणसे यांचे करणे त्याखेरीज वेगळे मोजलेले आहे. 5 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात हेच आकडे उद्धृत करून गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे असे स्पष्ट केले. ते मोल ठरले तेव्हा ती गृहिणी अपघातात गेलेली होती. दिवस चोवीस तासांचाच असतो. बाईचा एक तास रिकामा व्हायचा तर त्या तासातले काम दुसऱ्या कुणीतरी उचलले पाहिजे, आणि ते कुणी उचलायचे हे सांगणारा मजकूर त्या ‘दुसऱ्या कुणा’च्या नावाने निघायला हवा. त्या मानाने मार्च 2023 मध्ये एसटीने स्त्रियांचे तिकीट निम्मे केले, त्याचा उपयोग मला अधिक दिसला. आमच्या गावच्या स्टँडवर तेव्हापासून एकट्या प्रवास करणाऱ्या पन्नाशीच्या बायका दिसू लागल्या, आणि त्या सगळ्याच काही लग्नकार्याला निघालेल्या नसतात.

राहिला शेवटचा उपदेश, अपेक्षा सोड आणि माफ कर. माफ करण्याला माझा विरोध नाही. मनातली अढी गेली तर झोप लागते, हा माझाही अनुभव आहे. माझा विरोध ‘सोडून दे’ या शब्दांना आहे, कारण आपल्याकडे ते मनापाशी थांबत नाहीत. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा मिळाला. महाराष्ट्राने अशी तरतूद 1994 मध्येच केली होती, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील 2005 मध्ये हयात नसले तरी हा हक्क आहे असे सांगितले. कायदा इतका स्पष्ट झाला तेव्हा हक्कसोडपत्रे, म्हणजे बहिणीने आपला वाटा भावांसाठी सोडल्याचे कागद, मात्र चालूच राहिली. ही पत्रे बहुधा मध्यमवयातच होतात, कारण वडील जातात ते याच वयात.

माझी आत्या छप्पन्न वर्षांची असताना मी तिच्याबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले होते. भाऊबीजेला मिळालेली हिरवी इरकल ती मुद्दाम नेसली होती. फोटो निघाला, मग अंगठा लावायची वेळ आली, आणि यंत्र तिचा अंगठा घेईना. चाळीस वर्षांच्या भांड्यांनी आणि राखेने बोटांवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. ऑपरेटरने ओला रुमाल दिला, तिने बोट पुसले, पुन्हा दाबले, पुन्हा तांबडा दिवा लागला. माझे काका खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे पाहत होते. पाचव्या वेळेस अंगठा उमटला आणि सव्वादोन एकरांतला तिचा वाटा गेला. घरी येताना ती म्हणाली, ‘भांडून काय मिळवायचं गं, माहेर तुटलं असतं.’ त्यानंतर तीन वर्षांनी तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले, आणि पैशांसाठी तिला मुलाकडे शब्द टाकावा लागला. तिने काकांना माफ केले होते आणि अपेक्षाही ठेवली नव्हती. त्या मजकुरात सांगितलेले सगळे तिने केले होते, आणि मुलासमोर बोलताना ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

माझे वडील गेले तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. भावाने कागद तयार करून पाठवला, आणि मी त्यावर सही केली नाही. बहिणीशी बोलले, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज केला, फेरफार मंजूर व्हायला चार महिने लागले. भाऊ सव्वा वर्ष माझ्याशी बोलला नाही. त्या दिवाळीला मी ओवाळणीचे ताट केले आणि तसेच देवापुढे ठेवले, आणि त्या दिवशी आनंदी राहणे माझ्या हातात अजिबात नव्हते. आता तो बोलतो, पण पूर्वीसारखे नाही. सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावे आहेत. सोयाबीनचे पैसे आले की माझा हिस्सा मी दरवर्षी फोन करून मागते, आणि मागताना अजूनही माझा आवाज जड होतो.