‘कर कुठलाही लावा, भरतो ग्राहकच’ हे गणितात बसत नाही

अर्थसंकल्पाच्या सुमारास हा दावा हमखास फिरतो: कर मालावर लावा नाहीतर नफ्यावर, कंपनी तो जसाच्या तसा ग्राहकाच्या माथी मारते.

आधी मालावरचा कर. कूर्नो या अर्थतज्ज्ञाच्या प्रारूपात दोन कंपन्या सारखाच माल काढतात आणि आपापलं उत्पादन एकाच वेळी ठरवतात. किंमत म्हणजे 100 वजा बाजारातले एकूण नग. नगामागे खर्च 10 रुपये. समतोलात, म्हणजे उत्पादन बदलून कुणालाच फायदा उरत नाही तेव्हा, प्रत्येकी 30 नग, किंमत 40. आता नगामागे 15 रुपये कर लावा. उत्पादन प्रत्येकी 25 वर येतं, किंमत 50 होते. म्हणजे 15 पैकी 10 ग्राहकाने सोसले, 5 कंपन्यांनी. प्रत्येकीचा नफा 900 वरून 625 झाला.

पूर्ण 15 का चढत नाहीत? किंमत 55 व्हायला दोघींनी 22.5 नगांवर थांबावं लागेल. तेव्हा नफा प्रत्येकी 675. पण एक थांबली की दुसरीने 26.25 नग काढले तर तिला 689 मिळतात. मग पहिलीही उत्पादन वाढवते. संगनमताशिवाय 55 टिकूच शकत नाही.

‘मक्तेदार तर सगळाच ढकलेल’ हे तर उलटंच आहे. याच मागणीवर मक्तेदार निम्माच कर चढवतो, नऊ कंपन्या असतील तर 90 टक्के चढतो. मक्तेदाराची किंमत करापूर्वीच 55 असते. अजून ताणली तर गिऱ्हाईक तुटतं. मात्र मागणीची लवचिकता सगळीकडे 2 धरली, म्हणजे किंमत 1 टक्का वाढली की मागणी 2 टक्क्यांनी घटते असं मानलं, तर दोन कंपन्यांच्या बाजारात 15 रुपयांच्या कराने किंमत 20 रुपयांनी वाढते. मागणीचा आकार न सांगता केलेलं कुठलंही सरसकट विधान म्हणूनच फसतं.

नफ्यावर 25 टक्के कर लावला तर 900 चे 675 उरतात, पण सर्वाधिक नफा तरीही 30 नगांवरच मिळतो. किंमत जागची हलत नाही. प्रत्यक्षात भागभांडवलावरचा परतावा करपात्र नफ्यातून वजा होत नाही, त्यामुळे नवी गुंतवणूक आखडू शकते. तो परिणाम खरा, पण सावकाश होणारा.

पुरावा म्हणून रेस्टॉरंटची बिलं दाखवतात. 15 नोव्हेंबर 2017 पासून बहुतेक रेस्टॉरंटचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, पण त्याच वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोयही गेली. भाडं आणि कच्च्या मालावरचा कर तेव्हापासून खर्चात धरावा लागला. मेन्यूतले दर का चढले हे तपासताना हा खर्च आधी वेगळा काढावा लागतो.