तारा नंतर, आधी रूळ

शकुंतला रेल्वेवरून आमच्या कारंजा गावच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही बंद पडलेली ११३ किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, जशीच्या तशी जपा, पर्यटकांना फिरवा, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाला रुंद रुळांची ब्रॉडगेज हवी, तीही विजेवरचीच. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ राहतो, म्हणून दोन्हीकडचे विचारतात, ‘तुमच्याकडे काय करतात?’

आमच्याकडे पन्नास-साठ वर्षांची डिझेल इंजिनं अजून कामावर आहेत. डेलावेअर-लॅकवाना ही छोटी कंपनी १९९३ पासून इथल्या मालगाड्या चालवते, त्या ॲल्को ही अमेरिकन इंजिन कंपनी आणि तिच्या मॉन्ट्रियलच्या भाईबंदांच्या इंजिनांवर. ॲल्कोने इंजिनं बनवणं १९६९ मध्येच थांबवलं. वाराणसीत पुढे वर्षानुवर्षे बनलेली आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं मूळची हिच्याच आराखड्याची. त्यामुळे इथल्या पोकोनो डोंगराच्या चढावर पिठाच्या गिरणीचा गहू ओढणाऱ्या इंजिनाची धडधड आपल्या माणसाला लगेच ओळखू येते. ड्रायव्हरने जोर वाढवला की इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो वेग घेईपर्यंत हवा कमी पडते, डिझेल मात्र आलेलं असतं. मग काळ्याकुट्ट धुराचा लोट उठतो. फोटो काढायला आलेले हौशी खूश. शेजारी कपडे वाळत घातलेल्याला विचारा.

पण हा कारभार हौसेचा नाही. इंजिनांचे पैसे कधीच फिटलेत, वेग कमी, फेऱ्या मोजक्या आणि वर्कशॉपमधल्या फिटरांना ही मशीन पाठ. नव्या इंजिनाचा हप्ता एवढ्याशा मालात निघणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट रुळांची. हा मार्ग एकेकाळी डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत जायचा. तेव्हाच्या मालक रेल्वे कंपनीला, कॉनरेलला, तो नकोसा झाला, तेव्हा पलीकडचे रूळ १९८४ मध्ये उखडले गेले. नदीच्या अलीकडचे इथल्या काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सार्वजनिक प्राधिकरणांनी विकत घेऊन ठेवले, आणि चालवायला कंपनी नेमली. आज न्यू जर्सी त्यातलेच काही मैल पुन्हा टाकत बसली आहे.

म्हणून माझं मत दोन्ही गटांना आवडणार नाही. शकुंतलेच्या दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर; एवढ्या गेजवर मालवाहतूक परतणार नाही. मूर्तिजापूरला प्रत्येक पोतं उतरवून ब्रॉडगेजच्या गाडीत कोण भरणार? तेव्हा ब्रॉडगेजच हवी. पण विजेचा हट्ट कशाला? मुख्य मार्गांवर आपण विद्युतीकरण केलं ते उत्तमच, अमेरिकेला ते जमलेलं नाही आणि इथली मालवाहतूक डिझेलवर चालते यात मिरवण्यासारखं काही नाही. मात्र दिवसाला दोन-चार गाड्यांच्या फाट्यावर खांब-तारांचा खर्च मांडला की अख्खा प्रस्तावच फायलीत झोपतो. रेल्वेने बांगलादेशला २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये २० डिझेल इंजिनं दिली. त्यांच्यासारखी दोन मूर्तिजापूरला द्या, तारा पुढे कधीतरी येतील.

तोवर जागेवर अतिक्रमण होऊ नये, एवढं तरी खासदारांच्या मागे लागून करून घ्या. आणि जिनिंगवाले, सोयाबीनवाले, खतवाले मिळून वर्षाला किती वाघिणी, म्हणजे मालडबे, भरतील? चारशे मेसेज झाले, हा आकडा कुणीच टाकलेला नाही.